डोंगराला चालत

आमच्या घरात 'सौंदत्तीला जातो' असं कुणी म्हणत नाही, नुसतं 'डोंगराला' म्हणायचं. बेळगावच्या आसपास काय कमी डोंगर आहेत, राजहंसगड आहे, वैजनाथ आहे, पण मार्गशीर्ष पुनव जवळ आली की डोंगर म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचाच, दुसरा कुठला हे विचारायलाच लागत नाही.

पूर्वी घरचे बैलगाडीनं जायचे, यावेळी गल्लीतल्या आम्ही बायका चालत निघालो. हिरेबागेवाडी मागं पडली की कानावर मराठी कमी कमी येतंय आणि डोंगराचं नावपण बदलतंय. बैलहोंगलच्या अलीकडं शेतातनं एक अव्वा, म्हणजे कानडी म्हातारी, कळशी घेऊन रस्त्यावर आली आणि म्हणाली, 'गुड्डक्क होंटीरेन्री?', म्हणजे डोंगराला निघालाय काय? त्यांच्याकडं तो यल्लम्मन गुड्ड. आमच्या आज्जी म्हणाल्या, 'होय गं बाई, डोंगराला.' मग दोघींनी एकमेकींच्या कपाळाला भंडारा लावला, अव्वानं सगळ्यांच्या बाटल्या भरून दिल्या आणि आज्जींच्या हातात एक लिंबू ठेवून म्हणाली, आईच्या पायावर माझ्याकडनं ठेवा. एवढं कन्नड आम्हाला सगळ्यांना कळतंय.

पुढं कोल्हापूरकडची माणसं भेटली, ती 'सौंदत्तीचा डोंगर' म्हणत होती. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेली एक जोगतीण 'रेणुकेचा डोंगर' म्हणाली, यल्लम्मा म्हणजेच रेणुका. पोथीपुराणवाले सिद्धाचल म्हणतेत, कुणी रामगिरी. गाव तरी कुठं एका नावाचं आहे, रट्ट राजांच्या काळात ते सुगंधवर्ती, त्यांची राजधानी आधी तिथं होती आणि मग वेणुग्रामला म्हणजे आपल्या बेळगावला आली, म्हणजे आम्ही राजधानीतनं राजधानीलाच चाललो होतो. आणि खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली आपली मलप्रभा इथं नविलुतीर्थाच्या धरणात अडते, तिथं तिच्या पाण्याला रेणुकासागर म्हणतात.

आपल्या भागात पाटीवरच्या एका नावासाठी किती वर्षं गेली, 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं ते दुखणं माझंपण आहे आणि राहणार. पण या वाटेवर 'तुमचं नाव चुकीचं' असं कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही आणि मला ते फार मोलाचं वाटतंय.

जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळ केली तेव्हा पायाचे फोड असे झोंबले की डोळ्यात पाणीच आलं. उगरगोळच्या बाजूनं वर गेलो, तीन दगडांची चूल मांडली, भाकरी, मेथीची भाजी, वांगं, आंबील, वडी असा निवद केला आणि परड्या, म्हणजे देवीच्या नावाच्या टोपल्या, त्यानं भरल्या. शेजारच्या चुलीवर धारवाडकडची मंडळी होती, त्यांनी पण त्यांच्यातल्या बायकांना आमच्या परड्या भरायला पाठवलं. उदो गं आई उदो! दर्शनाला गेल्यावर आज्जींनी आधी अव्वाचं लिंबू ठेवलं, मग आमचा नारळ.

कुणी चालत जाणार असाल तर बैलहोंगलच्या पुढं सावली फार कमी आहे, पहाटे लवकर निघा आणि जमलं तर सोबत एक कन्नड येणारी बाई घ्या.