नाथसागरकाठ: सरकत्या पाण्यामागं सायकल

ठरवलं होतं ते साधंच होतं. पैठणहून निघायचं, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, पूर्व काठानं मातीच्या वाटा एकमेकींना जोडत उत्तरेला ढोरकीनच्या बाजूला यायचं, तिथं चहा पिऊन परत फिरायचं. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरचा एक पक्का जीपीएस ट्रॅक बनवायचा आणि सायकलवाल्या दोस्तांना पाठवून द्यायचा. आठ महिने झाले, अकरा फेऱ्या झाल्या, ट्रॅक काही झाला नाही. माझ्याकडं आता एकाच काठाचे तीन ट्रॅक आहेत आणि तिन्ही आपापल्या महिन्यापुरतेच खरे आहेत.

सायकलीबद्दल आधी उरकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. सुरुवात हायब्रीडवर केली, ३८ मिमीचे टायर. दोन फेऱ्यांत पटलं की हे काम तिचं नाही. आता एकोणतीस इंची हार्डटेल आहे, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली, २.२५ इंची टायर, ट्यूबलेस. ती पैठणला मावसभावाच्या ओसरीत असते, मी शहरातून बसनं जातो. वेग विचारू नका. ताशी नऊ-दहा. त्याहून जोरात गेलं तर या भागात बघायचं ते बघून होत नाही आणि पडायचं ते पडून होतं.

नोव्हेंबर, पाट

धरण भरलेलं असलं की काठाला वाटच नसते. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. तिथं पाणी टेकलं की ऊस आणि पाणी यांच्यामध्ये सायकल ठेवायलाही जागा उरत नाही. म्हणून पावसाळ्यानंतरच्या फेऱ्या काठानं न करता डाव्या कालव्याच्या सेवा रस्त्यानं केल्या. हा कालवा २०८ किलोमीटर लांब, थेट परभणीकडं जातो. पाणी नुसत्या उतारावर वाहायचं म्हणून उतार इतका मंद ठेवलाय की पायाला चढ लागतच नाही. मुरमाची वाट, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कापूस वेचणाऱ्या बाया. नवख्यानं सुरुवात इथून करावी.

पाटाचं आवर्तन सुरू असलं की खालच्या अंगाला पाझर फुटतो आणि जमीन चिबडते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती वाया गेलेली जमीन. तिच्यात पाणकणीस आणि बेशरम माजतं आणि शेकाटे लाल काटकुळ्या पायांवर फिरत बसतात. मला बघायला बरं वाटतं, पण ज्याचं शेत चिबडलं त्याच्यासमोर हे बोलू नये. एकदा बोललो होतो.

सराटे. याच रस्त्याच्या कडेला. सायकल टेकवायची तर मुरमावर टेकवा, गवतात नको. हायब्रीडच्या पुढच्या चाकातून मी एका सकाळी सात काटे उपटले होते. ट्यूबलेसमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव, भरल्यापासून सराटे नुसते मोडून काढतो आणि पुढं जातो. वेड्या बाभळीचा काटा मात्र सीलंटलाही ऐकत नाही, त्यासाठी भोकात ठासायचा प्लग जवळ हवाच.

डिसेंबर, खुंटी

पाण्याच्या अगदी कडेला तुराटीची एक खुंटी ठोकली आणि तिला लाल चिंधी बांधली. तेरा दिवसांनी गेलो तर खुंटीपासून पाण्यापर्यंत ८४ पावलं भरली.

हे का होतं ते नकाशा बघून कळत नाही, तिथं उभं राहून कळतं. जायकवाडीचा बांध मातीचा, जवळजवळ दहा किलोमीटर लांब, उंची ४१ मीटर. आजूबाजूला डोंगर नाही, दरी नाही. सपाट जमिनीवर पाणी अडवलं म्हणून ते खोल न साठता पसरलं, लांबीला सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त २७. ताटात पाणी ओतल्यासारखं. ताट जरासं कललं की कड कुठल्या कुठं जाते, तसंच इथं पातळी थोडी उतरली की काठ शेतभर मागं सरकतो. मोबाईलवरचा नकाशा मात्र वर्षभर एकच निळी रेघ दाखवतो. माझ्या डिसेंबरच्या ट्रॅकचा निम्मा भाग त्या नकाशात पाण्यातून जातो. एका मित्रानं विचारलं, होडीनं गेला होतास का?

उघड्या पडलेल्या जमिनीवर लगेच गाळपेर सुरू होतो. गहू, हरभरा, पुढं उन्हाळ्याकडं टरबूज. तिथं कायमचे बांध नसतात. कुणी दोरी ताणलेली असते, कुणी बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असतात. पिकातून चाक घालायचं नाही, विचारल्याशिवाय कडेनंसुद्धा जायचं नाही. विचारलं की बहुतेक वेळा वाट मिळते, वर हरभऱ्याचे डहाळे मिळतात.

पहाटे त्याच हरभऱ्यात पट्टकदंब चरायला उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेला पाहुणा. ज्याच्या रानात उतरतो तो माणूस डबा वाजवत त्याच्यामागं पळत असतो. सगळा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा थव्याच्या दिशेनं सायकल नेऊ नका. फोटोसाठी थवा उडवणारे सायकलवाले मी पाहिलेत. त्यांच्याबरोबर मी परत गेलेलो नाही.

फेब्रुवारी, लोणी

या फेरीचं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते इथं.

पाणी बरंच मागं गेलं होतं. समोर भेगाळलेली राखाडी जमीन, पलीकडं दोनेक किलोमीटरवर बाभळींची रांग. सरळ कापून गेलं तर मोठा वळसा वाचणार होता. हरभऱ्याला पाणी देणाऱ्या एका बाबांनी हटकलं, "काहो, तिकडं काहून चालले? वरून वाळलेलं हाये, खाली लोणी हाये." मी मान हलवली आणि निघालो. पहिले दोनशे मीटर तर डांबरी रस्ता झक मारील असे गेले. मग पुढच्या चाकाखाली पापुद्रा फुटल्यासारखा आवाज आला आणि चाक अर्ध्या तारांपर्यंत आत. उतरलो तर पाय पोटरीपर्यंत.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकताना आकसते, त्याच्याच त्या भेगा. पण सुकते वरून. वरचा चारपाच बोटांचा थर विटेसारखा होतो आणि खाली गाळ महिनाभर तसाच ओला राहतो. त्यात ही माती नुसती रुतवून थांबत नाही, ती चढते. टायरवर एक थर, त्यावर दुसरा, मग चाक धरणारा फोर्क आणि टायर यांच्या फटीत ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. तेरा किलोची सायकल वीसची झाली. खांद्यावर घेऊन, एकेक पाय उपसत ते दोनशे मीटर परत यायला पाऊण तास लागला.

बाबा तिथंच होते. "म्हनलं होतं ना भाऊ." एवढंच. मग पऱ्हाटीची एक काडी तोडून दिली आणि मोटारीचा पाइप माझ्याकडं वळवला. पण पाणी मारायच्या आधी चिखल काडीनं खरवडून काढायला लावला. आधी पाणी मारलं तर तो साखळीत आणि बेअरिंगमध्ये आत जाऊन बसतो. सायकलच्या दुकानात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर जमीन वाचायला शिकलो. भेग रुंद आणि तिच्या कडा गोल झालेल्या असतील, मध्ये हिरवळ उगवलेली असेल तर चालतं. भेगा केसासारख्या बारीक आणि माती जराशी चकाकत असेल तर मागं फिरा. म्हशींच्या वाटेचा भरवसा धरू नका, म्हशीला चिखलच हवा असतो. मेंढरांच्या वाटेनं जा. धनगराचं खांड ओल टाळत चालतं, त्यांची पायवाट वाकडी दिसली तरी तीच कोरडी असते. ती वाकडी का, हे पापुद्र्यातून खाली गेलेल्या माणसाला बरोबर कळतं.

टायरमधली हवाही तेव्हापासून कमी ठेवतो. माझं वजन बहात्तर. पाटावर ३०, काठावर २२ पीएसआय.

मार्चची एक फेरी वाऱ्यात गेली, लिहिण्यासारखं काही नाही.

एप्रिल, जुनी वाट

सकाळी साडेपाचला निघालो, कारण नऊनंतर तिथं सावलीच नाही. खाली पाण्याच्या कडेला गेलो तेव्हा चाकाखालचा आवाज बदलला. खरखर. गाळाच्या मधोमध मुरूम आणि दगडगोटे, आठेक फूट रुंद पट्टा, सरळ पाण्याकडं गेलेला. दोन्ही बाजूंना चिखल आणि हा कडक. त्याच्यावरून किलोमीटरभर गेलो, आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली सायकल तिथं चालली. टोकाला दगडांची जोती आणि गाळानं भरलेल्या एका आडाची गोल कड.

चप्पू ओढून वर आणणारे एक मासेमार मामा होते. चप्पू म्हणजे थर्माकोलचा तराफा, त्याच्यावर उकिडवं बसून जाळं टाकतात. त्यांना विचारलं, रस्ता कुठला? "गावचाच की. बैलगाड्या जायच्या. धरण झालं अन् गाव वर गेलं, रस्ता राह्यला खाली." १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, हे पाठ होतं. त्या दोन सालांच्या मधोमध कुणीतरी शेवटची गाडी भरून याच मुरमावरून वर गेलं असणार, हे डोक्यात आलं नव्हतं. मामांनी चप्पू उलटा करून वाळत घातला आणि आडाच्या कडेवर बसून तंबाखू मळली. त्यांचं घर कुठलं होतं ते मी विचारलं नाही.

परत येताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. तिनं असा गोंधळ घातला की जागच्या जागी थांबा आणि पुढच्या चाकासमोर बघा. तीन अंडी होती, खड्यांमध्ये खड्यांसारखीच. सायकल उचलून आल्या पावली मागं गेलो. या दिवसांत उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरयही अंडी घालतात, तिकडं मेपर्यंत जातच नाही.

जुलै

जुन्या वाटेच्या तोंडाशी जूनमध्ये नवी खुंटी ठोकून आलो होतो. पैठणला पाऊस नव्हताच, पेरण्या खोळंबल्या होत्या, म्हणून अजून एक फेरी बसेल असं धरून चाललो. पण हे धरण पैठणच्या पावसावर भरत नाही. तिकडं नाशिकला धो धो झालं, दारणा-गंगापूर ही तिकडची धरणं सुटली, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीत पाणी पडलं की इथं कोरड्या आभाळाखाली काठ वर चढायला लागतो.

शनिवारची बस बघत होतो तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. "येऊ नको. तुझी चिंधी काल दिसत होती, आज नाही." मी म्हटलं, सायकलच्या साखळीला तेल घालून ठेव, पाटावर येतो.