बारशाची भेट

भाचीच्या बारशाला काय न्यायचं यावर घरात दोन दिवस काथ्याकूट. मागे थोरल्या भाच्याला दिलेलं सेलवरचं माकड आठवड्यात मुकं झालं होतं! शेवटी सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी भातुकली आणली: चूल, पाटा-वरवंटा, इवलंसं जातं. (खेळायला तिला चार वर्षं लागतील, लागू देत.) दुकानदार चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळायला लागले. म्हटलं, “काका, पिशवी आहे माझ्याकडे.” घरी आईच्या विटक्या नऊवारीच्या तुकड्यात गाठोडं बांधलं. सोबत ‘वेंगुर्ला-4’ काजूचं कलम, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली जात. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, “बारशाक झाड कोण हाडता गो?” आणि पाळणा हलवायचा सोडून परसात जागा दाखवायला उठल्या.