वाघाच्या मागचं जंगल

२६ मे, मंगळवार

मंगळवारी ताडोबा बंद असतो. कालपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलाय; दुपारी खोलीच्या बाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरसमोर बसून ऑक्टोबरपासूनचे फोटो लावत बसले आहे. गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडतं आणि ३० जूनच्या संध्याकाळी बंद होतं. माझी नोकरीही तेवढीच. रिसॉर्टच्या पाहुण्यांबरोबर जिप्सीत बसायचं, झाडं, पक्षी, पाऊलखुणा समजावून सांगायच्या, आणि पावसाळा लागला की पुण्याला घरी जायचं.

पाहुणे वाघ बघायला येतात. त्यात काही चूक नाही. वाघाच्या नावानं पैसा येतो म्हणून मोहर्लीपासून कोलाऱ्यापर्यंत किती तरी घरांतल्या चुली पेटतात, आणि वाघ आहे म्हणून हे सव्वासहाशे चौरस किलोमीटर जंगल सलग उरलं आहे. पण वाघाचा फोटो मोठ्या लेन्सनं काढला की त्याच्या मागचं सगळं विरघळून जातं. एक हिरवा किंवा पिवळा पडदा तेवढा राहतो. तो पडदा कोणत्या महिन्यातला, मागचं झाड ऐनाचं की धावड्याचं, ऊन सकाळचं की चारचं, काहीच कळत नाही. मला तो पडदाच बघायचा आहे. वाघ कडेला असला तर असू दे.

हे काम इथे करणं अवघड का आहे तेही लिहून ठेवते. जिप्सीतून खाली उतरायची मनाई, आणि ती हवीच. म्हणजे ट्रायपॉड नाही, चार पावलं डावीकडे सरकणं नाही, गुडघ्यावर बसून गवताच्या पात्यामागून बघणं नाही. जिप्सीच्या दांडीवर कॅमेरा टेकवायला बीन बॅग ठेवायची, चालकाला इंजिन बंद करायला सांगायचं, आणि सहा पाहुण्यांनी हालचाल थांबवली त्या क्षणी शटर दाबायचं. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे सूर्य कुठून उगवेल, कुठे मावळेल ते दाखवणारी ॲपं गेटपाशीच राहतात. आदल्या रात्री वहीत काढून ठेवलेला बाण तेवढा बरोबर. गेट उघडतं ते उजाडता उजाडता. तलावापाशी पोचेपर्यंत सूर्य झाडांच्या वर आलेला असतो. डोंगरात तंबू ठोकून उजेडाची वाट बघणारे छायाचित्रकार असतात, त्यांना जागा निवडता येते. मला वाट मिळते, जागा मिळत नाही.

पण तीच वाट रोज मिळते. इथे तीन दिवस येणाऱ्या कुणालाही, कितीही महाग कॅमेरा असला तरी, ते मिळत नाही.

मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर जुने दगडी खांब आहेत. गोंड राजांच्या काळातले म्हणतात. त्यातल्या एका खांबाच्या पुढे रस्ता वळतो आणि उजवीकडे सागाचा उतार लागतो. गेल्या ऑक्टोबरपासून त्या वळणाचे फोटो आज एका ओळीत लावून पाहिले.

ऑक्टोबरात उतार दिसतच नाही. सागाची पानं सुपाएवढी, खाली कंबरभर गवत, आणि सगळं एकाच हिरव्या रंगात. नवखा माणूस इथे खूश होतो. कॅमेरा होत नाही. हिरव्याच्या आत हिरवा, कुठे नजर ठरत नाही. तेव्हा लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून पानांवरची चकाकी मारावी लागते, मग कुठे खालचा काळसर हिरवा वर येतो. डिसेंबरात गवत पिकतं. तळ्याकाठी पहाटेचं धुकं असतं ते इथवर येत नाही, पण दव येतं, आणि तिरक्या उन्हात गवताचा एकेक तुरा वेगळा दिसतो. जानेवारीच्या शेवटाला सागाची पानं तांबूस होऊन करकरायला लागतात. फेब्रुवारीत फोटोच्या डाव्या कोपऱ्यात काळा पट्टा आहे. ती जाळरेषा. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, त्याआधी वनमजूर रस्त्याकडेचं गवत कापून, ठरवून जाळून पट्टे मोकळे करतात, म्हणजे आग लागली तरी ती ओलांडून पलीकडे जाऊ नये. बरेच जण तो पट्टा कापून टाकतात. मी ठेवला आहे. उन्हात करपत, हातात फांद्यांचे झोडपे घेऊन आग विझवणारी माणसं नसती तर हा उतारच उरला नसता.

मार्चमध्ये जे होतं त्यासाठी मी इथे राहते. साग उघडा पडतो आणि जमिनीचा आकार पहिल्यांदा दिसतो. कुठे ओहळ आहे, कुठे दगड वर आलाय, कुठल्या वळचणीला जांभूळ अजून हिरवं धरून आहे, म्हणजे खाली ओल आहे. चितळं कुठून उतरतात ती पायवाटही उमटते. पावसाळ्यानंतर पाच महिने जे झाकलेलं होतं ते महिनाभरात समोर येतं. मग पळस पेटतो, काटेसावर लाल होते, कुसुमाला कोवळी तांबडी पालवी फुटते. लांबून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. या दिवसांत मी वाइड लेन्स पिशवीतून काढत नाही. ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स लावते आणि उताराचा लहानसा तुकडा घेते, आकाश सोडून. मार्चनंतर इथलं आकाश पांढरं असतं; ते फोटोत घेतलं की सगळा फोटो पिऊन टाकतं.

आणि आता मे. आठ वाजल्यानंतर उजेड कडक होतो, सावल्या काळ्या आणि कडा पांढऱ्या, मधलं काही कॅमेऱ्याला पकडता येत नाही. पुस्तकी सल्ला असा की अशा वेळी कॅमेरा ठेवून द्यावा. मला तो पटत नाही. मे महिन्यातलं ताडोबा म्हणजेच हा कडकपणा. उघड्या खोडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडतात, कुलूचं पांढरं खोड त्या करड्या गर्दीत एकटं उठून दिसतं, बांबू वाळून कडबा झालेला, आणि मध्येच कुठेतरी बहाव्याचे पिवळे घोस. मी एक्स्पोजर पांढऱ्या कुलूवर ठरवते आणि सावल्या काळ्या पडू देते. संगणकावर नंतर सावल्या उजळून सगळं सारखं करता येतं, पण तसं केलं की ऊन जातं. अंग भाजल्यासारखं ज्या फोटोकडे बघून वाटत नाही तो चंद्रपूरच्या मे महिन्याचा फोटो नाही.

२९ मे, शुक्रवार

आज दुपारच्या फेरीला जामणीला गेलो. वाटेत पाहुण्यांपैकी एकीनं विचारलं, इतकी सुंदर मोकळी कुरणं नैसर्गिक आहेत का? मी सांगितलं, इथे गाव होतं. जामणी. तसंच नवेगाव, बोटेझरी. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून ही गावं बाहेर हलवली आणि शेतांच्या जागी गवत आलं. त्यावर आता चितळांचे कळप चरतात, रानगवे येतात, आणि त्यांच्यामागे वाघ. नीट पाहिलं तर गवतातून शेतांचे धुरे, म्हणजे बांध, अजून ओळखू येतात. कुठली झाडं जंगलानं लावली आणि कुठली माणसांनी राखली, तेही कळतं: मोहाचं झाड शेताच्या मधोमध एकटंच डेरेदार उभं असतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याला कुणी हात लावला नाही.

राष्ट्रीय उद्यानात हंगामी काम करत छायाचित्रण शिकलेल्या माणसांत सर्वांत मोठं नाव अॅन्सेल अॅडम्सचं. १९२० पासून सलग चार उन्हाळे तो अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेच्या वास्तूची राखण करायला असायचा, आणि मोकळ्या वेळात कॅमेरा घेऊन कडे चढायचा. एकाच दरीत पुन्हा पुन्हा राहिल्यानं माणसाला काय दिसू लागतं, हे मी त्याच्या फोटोंतून शिकले. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची प्रत्येक छटा त्यात मोजून ठेवलेली. पण त्या फोटोंत दरी रिकामी आहे. ती रिकामी नव्हती. तिथल्या मूळ रहिवासी अहवानीची लोकांवर १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी चालून गेली, आणि जे परतून राहिले त्यांची दरीतली शेवटची वस्ती १९६९ मध्ये मोडली गेली. जगभर निसर्गदृश्याची जी कल्पना रुजली, माणूस नसलेला, धुतल्यासारखा स्वच्छ देश, ती अशा फोटोंनी घट्ट केली. आपल्याकडेही तीच आली. आम्ही फोटोतून सौर पंपाची पाटी कापतो, विजेची तार पुसतो, वनमजुराची सायकल झाडामागे जाईपर्यंत थांबतो.

ताडोबा हे नावच मुळात माणसाच्या गोष्टीतलं. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, त्याचं ठाणं तळ्याच्या काठी झाडाखाली आहे, आदिवासी त्याला देव मानतात आणि पौषात दर्शनाला यायचे. १९५५ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच्या नावानं. मग त्या तळ्याचा फोटो काढताना देवाचं झाड सोडून फक्त पाणी आणि मगर का घ्यायची?

कोळशाचंही तेच. चंद्रपूरहून मोहर्लीला येताना पद्मापूरची उघडी खाण लागते, आणि शहराच्या अंगाला २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. इरई धरणाचं पाणी त्याच केंद्राला जातं, आणि त्या धरणाच्या फुगवट्यावर मोहर्लीकडून संध्याकाळी जो सोनेरी, गढूळ उजेड पसरतो त्यात धूळ आणि धूर दोन्ही असणार. तो उजेड सुंदर आहे. मी तो टिपते, आणि फोटोखाली ठिकाण लिहिताना खाणीचं नावही लिहिते.

परतताना गाइडदादांनी जिप्सी मोहाच्या झाडासमोर थांबवायला लावली. वाघ पलीकडच्या पाणवठ्यावर आहे असा निरोप आला होता, पाहुण्यांची घाई होती. तरी ते म्हणाले, “ताई, याचा एक फोटू काढा न. मायले दाखवाचा हाय. तिच्या हातचा मोह हाय हा, मार्चात अंधारातच वेचाले यायची.” त्यांचं घर जामणीतलं. मला हे माहीत नव्हतं. इतके महिने शेजारी बसून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

सूर्य डावीकडून येत होता, झाडाची सावली गवतावर लांब पडली होती. मी फोटो उभा घेतला, झाड मधोमध, वर थोडं आकाश. पाहुणेही गप्प राहिले, एकानं तर स्वतःहून कॅमेरा खाली ठेवला. वाघ आम्हाला नंतर मिळाला, पाण्यात बसलेला. सगळ्यांना हवा तसा.

२ जून, मंगळवार

सुट्टी, म्हणून चंद्रपूरला जाऊन मोहाच्या फोटोची मोठी प्रत काढून आणली. छापताना हिरवा जास्त येत होता. दुकानातल्या मुलाला दोनदा सांगून कमी करवला. मे महिन्यातलं गवत तांबूसच हवं. चकचकीत कागद घेतला नाही, भिंतीवर लावला की खिडकी त्यात दिसत राहते.

गावात संध्याकाळी दाट ढग आले. पाऊस नाही, फक्त वारा आणि धूळ. या दिवसांत असे ढग आले की मी अस्वस्थ होते, कारण ढगाखाली मऊ, सपाट उजेड मिळतो आणि उघडं जंगल त्यात फार छान दिसतं, पण हे दिवस हातावर मोजण्याइतकेच. पहिली मोठी सर आली की आठवड्यात जमीन हिरवी होते आणि मार्चपासून उघडा दिसणारा जमिनीचा आकार पुन्हा झाकला जातो.

५ जून, शुक्रवार

दादांनी फोटो घरी दिला. आज सकाळी गेटवर भेटले तेव्हा जिप्सीत चढता चढता सांगत होते. मायनं फोटो मांडीवर घेतला, झाडाच्या फांद्यांवरून बोट फिरवलं, कोणती फांदी वादळात मोडली होती ते नातवंडांना सांगितलं. मग म्हणाली, फोटू चांगला हाय, पण आमचं घर कुठी हाय यात? घर झाडाच्या उजवीकडे होतं, आणि त्यापुढे विहीर. माझ्या उभ्या फोटोत ते सगळं कडेच्या बाहेर गेलं होतं.

आता तिथे घर नाही, फक्त गवत आहे. तरीही ती जागा फोटोत हवी. दादांनी वहीत काटकीनं रेघ ओढावी तशी खूण करून दिली: मोह इथे, धुरा इथे, विहीर या बाजूला, घराचं दार उगवतीकडे. म्हणजे सकाळची फेरी घ्यावी लागेल. दुपारी ती बाजू सावलीत जाते. फोटो आडवा, झाड डाव्या कडेला, उजवीकडची दोन तृतीयांश चौकट मोकळ्या गवताची. सूर्य अजून खाली असताना तिरकं ऊन पडलं तर जमिनीतला चढ-उतार दिसेल, जोत्याचा काही उंचवटा उरला असेल तर तोही. पुढच्या आठवड्यात जामणीकडच्या वाटेची सकाळची पाळी मागून घेतली आहे. पाहुण्यांना निघण्याआधीच सांगणार आहे की वाटेत एका घराच्या जागेवर आपण थोडं थांबणार आहोत.