रडण्याचं वेळापत्रक

फर्स्ट इयरला ॲनाटॉमीच्या व्हायव्हात ब्रॅकियल प्लेक्ससवर, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्यावर, अडकले आणि ३ दिवस मेसमध्ये फिरकले नाही. रूममेटही त्याच प्रश्नावर आपटली होती. ती मात्र संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर भुट्टा खात बसलेली. म्हणे, "काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिली बे?"

पुढे सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये संकटातून सावरण्याची क्षमता मोजणारं कॉनर-डेव्हिडसन स्केल हाती आलं. २००३ सालचं, २५ प्रश्न, कमाल १०० गुण. माझे किती, ते सांगणार नाही. 'बिग फाइव्ह', म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य पैलूंमधली, भावनिक अस्थिरता जास्त असली की बर्नआउटचा धोका वाढतो, हे वाचून आधी चिडलेच. पण माझ्यात शिस्तही भरपूर, आणि ती सावरायला मदत करते. म्हणून आता रडायचीही वेळ ठरलेली: रविवारी, तर्री-पोहे खाताना. डोळ्यांत पाणी दिसलं तरी कोणी काही विचारत नाही.