बोलोन्या: फाटक नसलेलं विद्यापीठ

इटलीतल्या बोलोन्यात विद्यापीठाचं फाटक शोधत बसू नका, ते नाहीच. स्थापनेचं वर्ष १०८८ सांगतात (ते ठरवलं एकोणिसाव्या शतकातल्या समितीने), पण त्यानंतर जवळजवळ पाच शतकं वर्ग भरायचे ते इथल्या-तिथल्या घरांत आणि मठांत. सुरुवातीला पगार विद्यार्थी द्यायचे, आणि उशिरा येणाऱ्या गुरुजींना दंडही तेच करायचे. म्हणून इथे यायचं ते गल्ल्या बघायला, आणि वार बघून. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, रविवारी विद्यापीठाचं जुनं शवविच्छेदनाचं सभागृह. मंगळवार ते शनिवार यांतला एक अख्खा दिवस धरा.

स्टेशनपासून मध्यवर्ती चौक, पियाझ्झा माज्जोरे, व्हिआ इंदिपेंदेन्झाने चालत वीसेक मिनिटांवर आहे. पाऊस असला तरी छत्री लागत नाही. विद्यार्थ्यांची गर्दी वाढली तसे लोकांनी घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब लावले. १२८८ च्या नियमाने या ओसऱ्या सक्तीच्या केल्या. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, वाट मात्र सगळ्यांची. स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इझोलानीचे सुमारे ९ मीटर उंच लाकडी खांब आवर्जून पाहा. फरशी गुळगुळीत असते, ओल्या दिवशी पकड असलेले बूट घाला.

चौकाला लागूनच आर्किजिन्नासिओ आहे. विखुरलेले वर्ग एका छताखाली आणायला १५६३ मध्ये बांधलेली ही इमारत. जिने, कमानी, छत, सगळीकडे विद्यार्थी-प्रतिनिधींच्या आणि प्राध्यापकांच्या कुलचिन्हांच्या रंगीत ढाली, हजारोंनी. अंगण फुकट बघता येतं, तिकीट वरच्या शवविच्छेदन सभागृहाला. मधोमध पांढऱ्या संगमरवराचं टेबल, भोवती लाकडी बाकांच्या चढत्या रांगा. प्राध्यापकांच्या आसनावरचं छत्र दोन कातडं सोललेल्या लाकडी पुरुषांनी पेललं आहे. एर्कोले लेल्लीच्या आराखड्यावरून कोरलेले हे पुतळे दुरून साधे वाटतात, जवळ गेलात की मांडीचा एकेक स्नायू मोजता येतो. २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात सभागृह कोसळलं, नंतर ढिगाऱ्यातून वेचलेले तुकडे जोडून ते पुन्हा उभं केलं. भिंतीवर हातात नाक धरलेला एक पुतळा शोधा. तो सोळाव्या शतकातला इथला शल्यविशारद गास्पारे ताल्याकोत्सी. दंडाच्या कातड्याने तो नाक दुरुस्त करायचा. आपल्याकडची पद्धत कपाळाच्या कातड्याची. इंग्रजी फौजेतला गाडीवान कावसजी याचं पुण्याकडे तसं दुरुस्त केलेलं नाक १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आलं होतं.

इथून माध्यान्हीच्या बेताने सान पेत्रोनिओ चर्चमध्ये शिरा. खांदे झाकलेले हवेत. डाव्या बाजूला फरशीतून ६७ मीटर लांब धातूची रेघ जाते, ती १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कास्सिनीने आखली. छतातल्या भोकातून पडलेला सूर्याचा कवडसा सूर्याच्या खऱ्या माध्यान्ही डोळ्यांदेखत सरकत रेघ ओलांडतो. बरेच जण ठोक बाराला येतात आणि हात हलवत परततात. शहर प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून साडेतीन अंशांहून जास्त पश्चिमेला आहे, म्हणून हिवाळ्यात हे सहसा बारा ते साडेबाराच्या दरम्यान घडतं आणि उन्हाळी घड्याळात बहुधा एकनंतर. ढग असले तर काहीच नाही. दुपारी दार बंद नाही ना, हेही आधी पाहा.

आसिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या चढायचा बेत असेल तर सोडा. शेजारचा झुकलेला गारिसेंदा धोकादायक ठरल्याने २०२३ पासून दोन्ही बंद आहेत. तसंही पदवीआधी जो चढेल तो पास होत नाही, असं इथली मुलं मानतात.

तो वेळ मध्ययुगीन संग्रहालयाला द्या. माझ्या मते शहरातली सर्वांत बोलकी वस्तू तिथे आहे: कायद्याचे प्राध्यापक जोव्हान्नी दा लेन्यानो यांच्या कबरीवरचे दगडातले विद्यार्थी. कुणी पुस्तकात बुडालेला, कुणी हनुवटीला हात लावून भलतीकडेच. मग व्हिआ झांबोनीला निघा. ३३ क्रमांकाच्या पालाझ्झो पोज्जीत विद्यापीठ १८०३ मध्ये हललं, आत आन्ना मोरांदीची मेणाच्या शरीराकृती आहेत. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ घातलेला कुणी दिसला, तर तो आजच पदवीधर झालाय.

परतताना स्टेशनवर पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. फलाट ‘४’ आणि ‘४ ओव्हेस्ट’ (पश्चिम) वेगवेगळे आहेत, आणि १६ ते १९ हे वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली कित्येक मजले खोल. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो.