कंट्रोलच्या कुंड्या

एप्रिल महिना, सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे. ज्वारीच्या रोपांना मीठ दिलं की मुळांतली कुठली जनुकं किती जागी होतात, हे मोजायचं माझं काम. वाण मालदांडी, आपल्या मोहोळचं. निम्म्या कुंड्यांना २४ तास मिठाचं पाणी, लिटरला ८.८ ग्रॅम. उरलेल्या निम्म्या ‘कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, त्यांना साधं पाणी.

हे मोजायचं ते पीसीआर यंत्रात. जनुक जितकं जागं, तितकी त्याची रेषा लवकर वर उठते. एका सायकलचा, म्हणजे यंत्राच्या एका फेरीचा, फरक म्हणजे दुप्पट. मी बघत होते पी५सीएस. हे जनुक चाललं की रोप प्रोलीन बनवतं आणि पेशीतलं पाणी धरून ठेवतं. आधीच्या खेपेत मिठाची रेषा चार सायकल आधी उठली होती, म्हणजे सोळा पट. त्या दिवशी मात्र दोन्ही रेषा एकमेकींना चिकटलेल्या.

पोटात गोळा आला. नळ्यांची अदलाबदल झाली का? अ‍ॅक्टिन, म्हणजे पडताळणीसाठी सोबत मोजायचं जनुक, नीट होतं. मुळांतून काढलेला आरएनए, म्हणजे जाग्या जनुकांच्या नकला, शाबूत होता. पुन्हा चालवून पाहिलं, तेच. मग जुने आकडे शेजारी ठेवले आणि लक्षात आलं, मिठाची रेषा जागच्या जागी आहे. लवकर उठलीय ती कंट्रोलची.

तशीच शेडनेटमध्ये गेले. रोपं हिरवीगार, एकाही पानाचं टोक करपलेलं नाही. पण कंट्रोलच्या कुंडीच्या आतल्या काठाला पांढरं कडं धरलेलं. बोटानं खरवडून जिभेला लावलं. खारट!

“मामा, यांना पाणी कुठलं घातलं?” रोपांना पाणी घालणाऱ्या मामांना मी विचारलं.

“बोअरचं की, मॅडम. आरओ बंद हाय तीन आठवडं. टाकी रिकामी ठेवून रोपं मारू व्हय?”

त्यांचं काय चुकलं? रोपं जगवली त्यांनी. बोअरच्या पाण्याचा ईसी, म्हणजे खारेपणाचं माप, भरला ३.८. त्यात रोजचं ऊन. पाणी उडून जायचं, क्षार कुंडीतच साठायचे. कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा ईसी ७ च्या वर होता.

“पाणी मचूळ हाय ते रोपाला कळतं कसं?” मामांनी विचारलं. मी तिथंच उकिडवी बसून सांगितलं. मुळाला सोडियम लागला की काही सेकंदांत पेशीत कॅल्शियम वाढतं. एसओएस-३ नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि एसओएस-२ ला कामाला लावतं. ते पेशीच्या पडद्यातल्या एसओएस-१ ला चालू करतं, आणि एसओएस-१ सोडियम बाहेर फेकतं. ही साखळी आधी सापडली ती अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात. सोबत इतर शेकडो जनुकं चालू-बंद होतात, काही तासांत, काही दिवसांनी. सगळी धावपळ आतल्या आत.

मामा बराच वेळ त्या रोपांकडे बघत राहिले. त्यांचं रान कालव्याच्या कडेला, काळं, पाणी मुरून पांढरं फुटलेलं. “तिथं ऊस पार पिवळा पडतो. ज्वारी तेवढी तग धरून असती,” ते म्हणाले. ज्वारी उसापेक्षा क्षार जास्त सोसते, हे मी पुस्तकात वाचलेलं. त्यांनी ते बांधावर उभं राहून पाहिलेलं.

तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं, याचं वाईट वाटलंच. पण कुंड्या फेकवल्या नाहीत. हळूहळू मीठ चढलेलं रोप आणि एकदम मिठात घातलेलं रोप यांची तुलना मला कधी सुचली नव्हती, आणि आपल्या शेतात तर मीठ हळूहळूच चढतं. ‘कंट्रोल’च्या चिठ्ठ्या काढल्या, ‘बोअर’ लिहून चिकटवल्या, आणि आरओ दुरुस्त झाल्यावर नव्या कंट्रोलसाठी मालदांडीचं बी पुन्हा भिजत घातलं.