तुम्ही विचारलंत म्हणून: जुना कॉम्प्युटर दुरुस्त करू की बदलू?

"घरचा कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचा झालाय, फार हँग होतो. हातात पाच-सहा हजार आहेत. दुरुस्त करू की बदलू?" हे मला इतक्यांदा विचारलं जातं की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. थोडक्यात सांगायचं तर जो भाग उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल, तो नवा घ्या. जो या मदरबोर्डबरोबरच (सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) भंगारात जाणार, तो सेकंड हँड घ्या. आणि मदरबोर्डच गेला असेल तर त्यावर एक रुपयाही घालू नका.

विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे साधारण एकच मशीन असतं: २०१२-१३ च्या सुमारास असेंबल करून घेतलेलं, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. तेच धरून चालतो. तुमचं त्याहून जुनं, म्हणजे कोअर-टू-ड्युओ आणि डीडीआर-२ रॅमवालं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ते बदलाच.

हे मशीन रखडतं ते प्रोसेसरमुळे नव्हे. टास्क मॅनेजर उघडून बघा: सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क १०० वर अडकलेली. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे पोचायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपासच फेऱ्या. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचायच्या असतात. म्हणून पहिला खर्च २.५ इंची साटा एसएसडीचा (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी, पण चिपवर साठवणारी डिस्क), २४० किंवा २५६ जीबी पुरे. "एच-६१ वर साटा-३ (साटाची वेगवान आवृत्ती) नाही, एसएसडीचा उपयोग होणार नाही" असं दुकानात ऐकायला मिळेल. वेग सेकंदाला २५०-२७० एमबीवर अडतो एवढंच त्यात खरं आहे. शोधायचा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि फरक जाणवतो तो त्याचाच. एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीची एसएसडी मात्र घेऊ नका, हा बोर्ड त्यावरून बूट होत नाही.

रॅम ८ जीबी करा. या बोर्डांना बहुधा दोनच स्लॉट असतात, त्यामुळे ४ जीबीची एक काडी आधीच असेल तर तशीच दुसरी, सेकंड हँड, आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा. स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर-३ काड्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर डिस्प्लेच येत नाही. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढलेत, तेव्हा आज आकडा लिहून उपयोग नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी दोन-तीन दुकानांत विचारा.

एसएसडी बसवताना क्रम पाळा. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ०५ किंवा सी-५ या ओळींपुढचा (डिस्कवरच्या खराब जागांची नोंद) कच्चा आकडा, म्हणजे रॉ व्हॅल्यू, शून्य नसेल तर फोटो आणि कागदपत्रं लगेच दुसरीकडे उतरवा; त्या डिस्कवर पुढे काही ठेवू नका. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा. हे नव्या इन्स्टॉलेशनच्या आधी करायचं. आहे त्या विंडोजवर नुसतं बदललं तर निळा पडदा येतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज बऱ्याचदा आपली बूटची फाइल जुन्या डिस्कवरच टाकतं, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क मेली की चांगल्या एसएसडीवरचं विंडोजही सुरू होत नाही. एसएसडी कॅबिनेटमध्ये बसवायला वेगळी पट्टी (ब्रॅकेट) विकत घ्यायची गरज नाही. आत हलणारं काही नसतं, दोन स्क्रूंवर ती छान राहते.

"डिस्प्ले येत नाही" ही तक्रार वेगळी, आणि पावसाळ्यात कोकणातून नि मुंबईतून जास्त येते. मेन स्विच बंद करून रॅम काढा, सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर फिरवा, चुरा झटका, काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. निम्म्या केसेस इथेच संपतात. तारीख सारखी मागे जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत असेल तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल बदला. तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

मशीन चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्या. बोर्डापासून सोडवा, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि कोणतीही काळी तार वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला पाहिजे, आणि मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसेल तर नवा लावा. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या घरात दाब उरू शकतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर मात्र दुरुस्ती थांबवा.

आता विंडोजचा पेच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं. पळवाटा आहेत, पण ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी त्या सुचवत नाही. काम ब्राउझर, यूट्यूब आणि मुलांच्या प्रोजेक्टपुरतं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. पेन ड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येते. टॅली किंवा श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या प्रोग्रामवर काम असेल तर मात्र तो मार्ग नको. प्रिंटरही आधीच तपासा: एचपीचा लेसरजेट १०२० लिनक्सवर एचपीलिप या ड्रायव्हरच्या प्लगइनने चालतो, कॅननचा एलबीपी २९०० मात्र जीव खातो.

विंडोज लागणारच असेल तर एसएसडी घेऊन ठेवा आणि बाकीचे पैसे साठवा. मग कार्यालयांतून निघालेला आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून पुन्हा विकायला काढलेला) डेस्कटॉप बघा: डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६०, एचपीचा प्रोडेस्क ६०० जी-४, लेनोवोचा थिंकसेंटर एम-७२०. तुमची एसएसडी त्यात बसते. विंडोजची किल्ली (लायसन्स की) बहुधा बायोसमध्येच असते, म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन दुकानातच तपासा. बायोसला पासवर्ड असेल तर तो काढून मागा. एक खोट माहीत असू द्या: ऑप्टिप्लेक्सला बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही.

"नवा कोरा आय-५ सेट, मॉनिटरसकट" अशा स्वस्त जाहिरातींपासून मात्र दूर राहा. चकचकीत कॅबिनेटमध्ये बहुतेकदा आय-५ ३४७० सारखाच काहीतरी असतो. आकडा पूर्ण विचारा: चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. ३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. दुकानदार नुसतंच "आय-५ आहे साहेब" म्हणत राहिला, तर पुढच्या दुकानात जा.